कवी माधव जूलियन आणि आपली मराठी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आमच्या सरांनी मला मराठी शिकवले. त्यांच्या नावाने भरणाऱ्या सभेत बोलण्याचे निमंत्रण मिळाले तेव्हा विषयासाठी फार शोधाशोध करावी लागली नाही. एक जुना गृहपाठ अपुरा राहिला होता. तोच आज आपल्यासमोर ठेवीत आहे.

नववीत असताना वक्तृत्वस्पर्धेसाठी मी 'भाषाशुद्धी' या विषयावर निबंध लिहिला. कवी माधव जूलियन यांचे 'भाषाशुद्धि-विवेक' हे पुस्तक ग्रंथालयातून आणले होते. त्या भरात निबंधातला फार्सी वाटेल तो प्रत्येक शब्द मी वेचून काढला. सरांनी वही शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, "छान. आता खाली तुझा पत्ता लिही." मी लिहिला. सरांनी 'कारेलीबाग' या शब्दातील 'बाग'खाली रेघ ओढली. "हा फार्सी आहे. याचे काय करशील?" मी म्हणालो, "उद्यान." वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "ज्यांचे पुस्तक वाचून तू हे लिहिलेस, ते आयुष्यभर फार्सी शिकवीत होते. त्यांनी असे का लिहिले, ते आधी समजून घे."

ते समजून घ्यायला मला बरीच वर्षे लागली. जे उमगले ते यथामति सांगतो.

बडोद्याचा हा कवी

माधव जूलियन म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन. त्यांचा जन्म २१ जानेवारी १८९४ रोजी बडोद्यात झाला. जूलियन हे टोपणनाव त्यांनी इंग्रजी वाङ्मयाच्या वाचनातून उचलले. बडोदे आणि मुंबई येथे त्यांचे शिक्षण झाले, १९१८मध्ये ते एम. ए. झाले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात फार्सी शिकवू लागले. पुढे खासगी आयुष्याविषयी उठलेल्या वादात पुण्यातील हे अध्यापन सुटले. काही अस्थिर वर्षांनंतर कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात ते फार्सीचे प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. २९ नोव्हेंबर १९३९ रोजी ते निवर्तले. वय अवघे पंचेचाळीस. त्याच वर्षी फेब्रुवारीत महाराज सयाजीरावही निवर्तले होते. ज्या बडोद्यात हा कवी जन्मला, ते बडोदे आणि तो कवी एकाच वर्षात काळाच्या पडद्याआड गेले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

त्या बडोद्याची भाषिक घडण थोडी आठवावी लागेल. राजघराणे मराठी, प्रजा बहुतांशी गुजराती, दप्तरातील परिभाषा फार्सी वळणाची, आणि वर नवे इंग्रजी शिक्षण. एका मुलाच्या कानावर चार भाषा पडत. मराठी साहित्य संमेलने येथे १९०९, १९२१ आणि १९३४मध्ये भरली. 'चंद्रशेखर' या नावाने लिहिणारे चंद्रशेखर शिवराम गोऱ्हे येथे राजकवी होते. त्यांच्यामागे हा मान माधव जूलियनांचे काव्यबंधू यशवंत यांना १९४०मध्ये मिळाला. मराठी ही येथे राज्यकर्त्यांची भाषा होती. पण रस्त्यावर पाऊल टाकले की ती अल्पसंख्यांची भाषा होई. भाषेविषयीचे प्रेम आणि भाषेविषयीची काळजी ही दोन्ही अशाच गावात लवकर जागी होतात.

रविकिरण मंडळ आणि काव्यसंसार

पुण्यात रविवारी चहाच्या निमित्ताने जमणाऱ्या कविमित्रांच्या बैठकीतून १९२३मध्ये रविकिरण मंडळ उभे राहिले. यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे, दिवाकर ही त्यातली काही नावे. एकमेकांच्या कविता ऐकाव्यात, कठोरपणे तपासाव्यात आणि मग छापाव्यात, अशी त्यांची रीत होती. कविता सभेत गाऊन दाखविण्याची प्रथा या मंडळींनी महाराष्ट्रभर लोकप्रिय केली. त्यांच्या लकबींची थट्टाही पुष्कळ झाली. आचार्य अत्रे यांची 'झेंडूची फुले' ही तिची चिरंजीव साक्ष. ज्याचे विडंबन करावेसे वाटावे, इतके ते काव्य त्या काळी कानाकानांत बसले होते, हेही त्यातून दिसते.

'विरहतरंग' या १९२६च्या खंडकाव्याने माधव जूलियन तरुणांचे कवी झाले. 'प्रणयपंढरीचे वारकरी' हे बिरुद त्यांना चिकटले. ते अर्धेच खरे आहे. 'सुधारक' (१९२८) आणि 'नकुलालंकार' (१९२९) यांत उपरोधाने समाजाकडे पाहणारा कवी आहे. 'तुटलेले दुवे' (१९३८) ही सुनीतांची माला आहे. उमर खय्यामच्या रुबायांकडे तर ते पुनःपुन्हा वळले. १९२९मध्ये मूळ फार्सीवरून केलेला अनुवाद, १९३१मध्ये फिट्झजेरल्डच्या इंग्रजीवरून केलेली 'द्राक्षकन्या', आणि मृत्यूनंतर १९४०मध्ये आलेली 'मधुलहरी'. एकच मद्य तीन पात्रांत ओतून पाहणारा हा माणूस केवळ प्रणयात रमणारा नव्हता. शब्दाचे वजन बदलले की अर्थाचे काय होते, याची त्याला अनावर जिज्ञासा होती. काव्याविषयीचे त्यांचे लेख 'काव्यविहार' आणि 'काव्यचिकित्सा' या पुस्तकांत आहेत. त्यांतही हीच चिकित्सक नजर दिसते.

मोजमापाचा ध्यास

या जिज्ञासेचे सर्वांत मोठे फळ म्हणजे 'छंदोरचना'. हा ग्रंथ प्रथम १९२७मध्ये आला आणि १९३७मध्ये पुष्कळ वाढवून नव्याने निघाला. १९३८मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यासाठी त्यांना डी. लिट. दिली. मराठीत लिहिलेल्या ग्रंथाला हा मान प्रथमच मिळत होता. नाव ऐकून पुस्तक रुक्ष वाटते. पण त्यातला मुख्य विचार शाळेतल्या फळ्यावर मांडता येईल इतका सोपा आहे.

ऱ्हस्व अक्षर लघु, दीर्घ किंवा जोडाक्षरापूर्वीचे आघातयुक्त अक्षर गुरू, हे आपण शाळेत शिकलो. लघूची खूण 'ल', गुरूची 'गा'. यांच्या आधारे माधवरावांनी मराठी पद्याचे तीन वर्ग स्पष्ट केले. लघुगुरूंचा क्रम ठरलेला असेल ते 'वृत्त'. क्रम सैल, पण मात्रांची बेरीज आणि तिची आवर्तने ठरलेली असतील ती 'जाती'. लघुगुरूचा भेद न मानता अक्षरे मोजली जातात तो 'छंद'. अभंग या तिसऱ्या घरातला. आवर्तनांनाही त्यांनी नावे दिली. सहा मात्रांचे ते भृंगावर्तन, कारण भुंग्याला पाय सहा. आठ मात्रांचे ते पद्मावर्तन, कारण कमळाच्या पाकळ्या आठ. त्यांच्यापूर्वी छंदःशास्त्र मुख्यतः संस्कृत वृत्तांना प्रमाण मानून चाले. माधवरावांनी ओवी-अभंग, लावणी, पदे आणि नवी कविता एकाच मापनपद्धतीखाली आणली. खेड्यातल्या बाईच्या तोंडचे गाणेही शास्त्राच्या कक्षेत आले.

आता एक गंमत पाहू. आपल्या गावाचे नाव उच्चारून पाहावे : ब-डो-दे. एक लघु, दोन गुरू, लगागा. संस्कृत छंदःशास्त्रात हा 'य' गण. 'यमाताराजभानसलगा' या सूत्रातले 'यमाता' ते हेच. 'सयाजी' हाही लगागा. 'मराठी' हाही लगागा. 'बडोदे' हा शब्द चारदा म्हटला की भुजंगप्रयाताचा एक चरण होतो. समर्थांचे 'मनाचे श्लोक' याच चालीत आहेत. (आज नगराचे अधिकृत नाव 'वडोदरा' आहे, ते लगालगा. नाव बदलले तशी चालही बदलली!)

फार्सी छंदःशास्त्रात हाच लगागा 'फऊलुन' या शब्दाने मोजतात. फ लघु, ऊ गुरू, लुन गुरू. चार वेळा 'फऊलुन' म्हटले की 'मुतकारिब' नावाची चाल होते. तीच चाल शेवटचा एक गुरू गाळून म्हटली की फिरदौसीच्या 'शाहनाम्या'चा चरण होतो. सज्जनगडावरील संन्यासी आणि तूसचा फिरदौसी यांनी एकमेकांचे काव्य ऐकले नव्हते. तरी दोघांची पावले एकाच ठेक्यावर पडली. फार्सीचे वृत्त आणि मराठीचे वृत्त एकाच फूटपट्टीने मोजता येते, हे माधवरावांना दिसले, कारण दोन्ही पद्धती त्यांच्या हाताशी होत्या.

मायबोलीविषयीची त्यांची कविता आपण सर्वांनी प्रार्थनेच्या वेळी म्हटली आहे. तिचा पहिलाच शब्द 'मराठी' आहे आणि संपूर्ण कविता लगागाच्या ठेक्यावर चालते. चरणाचा पूर्वार्ध भरलेल्या भुजंगप्रयातासारखा आणि उत्तरार्ध एक गुरू गाळून थांबणारा; म्हणजे नेमका शाहनाम्याच्या चरणासारखा. मराठी राजभाषा नसल्याची खंत बोलून दाखविणारी ही कविता. तिच्या पूर्वार्धात 'मनाच्या श्लोकां'ची चाल आहे आणि उत्तरार्धात इराणच्या राष्ट्रकाव्याची. हे मला प्रथम फळ्यावर लिहून दाखविले ते सरांनी. त्या दिवशी घरी जाताना बहुचराजीच्या देवळापर्यंत मी 'बडोदे, बडोदे' असे पुटपुटत चाललो होतो.

गज्जल

याच जाणिवेतून 'गज्जलांजलि' (१९३३) जन्माला आली. फार्सी-उर्दूतील अनेक चालींत मराठी शब्द कसे बसतात, ते त्यांनी या संग्रहात करून दाखविले. 'गज्जलांजलि' या नावातच अरबी शब्द आणि संस्कृत शब्द संधीने जोडलेले आहेत, हे ध्यानात घ्यावे.

गझल म्हणजे केवळ वृत्त नव्हे. दोन चरणांचा एक शेर. प्रत्येक शेर स्वतःपुरता पूर्ण. शेवटी पुन्हा पुन्हा येणारा तोच शब्द म्हणजे रदीफ आणि त्याआधी जुळणारे यमक म्हणजे काफिया. माधवरावांनी चाली मराठीत आणल्या. पण त्यांच्या पुष्कळ गज्जलांत एकच भावना पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाहते. आकृतिबंधापेक्षा वृत्तावर त्यांचा भर होता. प्रत्येक शेर स्वतंत्र हवा, हा आग्रह धरून मराठी गझल खऱ्या अर्थाने रुजविली ती सुरेश भट (१९३२–२००३) यांनी. एका पिढीने नांगरट करावी आणि दुसरीने पेरावे, असे हे झाले. आजचा गझलकार वृत्त तपासताना 'लगागा' म्हणतो, तेव्हा तो माधवरावांच्याच पट्टीने मोजीत असतो.

फार्सीचा कोशकार, फार्सीचा विरोधक

आता सरांच्या प्रश्नाकडे वळतो. १९२५मध्ये माधवरावांचा 'फार्सी-मराठी कोश' प्रसिद्ध झाला. बखरी, पेशवे दप्तरातील पत्रे, सनदा वाचायच्या तर फार्सी शब्दांवाचून अडते. ती अडचण दूर करणारा हा कोश. आणि तेरा वर्षांनी, १९३८मध्ये, त्याच लेखणीतून 'भाषाशुद्धि-विवेक' उतरला. त्यात अशाच शब्दांना मराठीतून बाहेर काढण्याचा पुरस्कार आहे. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीला ते मनापासून मिळाले होते. आपल्या जुन्या कवितांतले फार्सी शब्दही त्यांनी पुढे गाळले.

हे विस्मयकारक आहे. पण त्यांची बाजू नीट मांडली पाहिजे. भाषाशुद्धीचा विचार नवा नव्हता. शिवछत्रपतींनी 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला, तो दप्तरातील फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठीच. परकी सत्ता गेली तरी तिची परिभाषा उरते आणि तिच्याबरोबर आपण उणे असल्याची भावनाही उरते, हे त्यामागचे निदान होते. माधवरावांच्या काळात फार्सीच्या जागी इंग्रजी येत होती. नवी वस्तू दिसली की तिचे परके नाव उचलायचे, स्वतःचा शब्द घडविण्याचे कष्ट घ्यायचे नाहीत, या आळसावर त्यांचा मुख्य रोष होता. या चळवळीने मराठीला 'दिनांक', 'महापौर', 'हुतात्मा' यांसारखे शब्द दिले. हे ऋण आपण रोज वापरतो. फार्सीच्या अज्ञानातून हा विरोध आला नव्हता. कोणता शब्द कोठून आला, हे ज्याला नेमके ठाऊक होते, त्याचाच तो विरोध होता.

मग चूक कोठे झाली? मला वाटते, छंद मोजताना जी गोष्ट त्यांनी पाळली, ती शब्द मोजताना ते विसरले. 'छंदोरचने'त त्यांनी वृत्ताचे कूळ विचारले नाही. ते मराठी जिभेवर कसे चालते, एवढेच पाहिले. 'फऊलुन' इराणातून आला म्हणून त्यांनी लगागाला हद्दपार केले नाही. शब्दाच्या बाबतीत मात्र कूळ हीच कसोटी झाली. कागद, शाई, दौत, हजेरी, खुर्ची, दरवाजा : शाळेच्या एका खोलीतले हे शब्द अरबी-फार्सी वाटेने आले, पण ते उच्चारताना कोणालाही परके वाटत नाही. शेकडो वर्षे मराठीचे प्रत्यय लावून, मराठी म्हणींत खेळून ते घरचे झाले आहेत. लोकांनीही पुढे हेच केले. 'दिनांक' घेतला आणि 'तारीख'ही ठेवली. अर्जावर दिनांक, आणि न्यायालयात पडते ती तारीख.

आपल्या बडोद्यात याच काळात एक निराळा प्रयोग झाला होता. १९३१मध्ये 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' प्रसिद्ध झाला. राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फार्सी, हिंदी आणि बंगाली असे पर्याय त्यात शेजारी शेजारी मांडलेले आहेत. कोणालाही बाहेर काढलेले नाही. अधिकाऱ्याने पाहावे, तोलावे आणि निवडावे. बडोद्याच्या पुत्राने पुण्या-कोल्हापुरात जो प्रश्न बहिष्काराने सोडवू पाहिला, त्याला बडोद्याने शेजाराने उत्तर दिले होते.

आपल्यापुढील प्रश्न

हा केवळ साहित्याच्या इतिहासातला वाद असता, तर आपला वेळ मी घेतला नसता. पण आपण कारेलीबागेत बसलो आहोत. आपल्या घरातली मराठी कशी आहे, ते आपण जाणतो. लहानपणी सुटीत पुण्याला आतेभावंडांकडे गेलो असता मी सहज म्हणालो, "वारा येतोय, बारी बंद कर." आम्ही घरी खिडकीला 'बारी'च म्हणत होतो, शेजारच्या गुजरातीसारखे. सगळी मुले हसली. उरलेली सुटी मी जपून आणि कमी बोललो. आपल्यापैकी अनेकांच्या वाट्याला असे काही आले असेल. आपली मराठी शुद्ध नाही, ही रुखरुख येथील मराठी माणसाला सतत असते. आणि ज्या भाषेची लाज वाटते, ती माणूस मुलांशी बोलायचे टाळतो. गुजराती शब्द मिसळल्याने एका घरातून मराठी गेली, असे मी पाहिलेले नाही. बोलणे थांबल्याने गेलेली मात्र अनेक घरांतून पाहिली आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. माधवरावांच्या कवितेतली खंत आता बरीच निवाली आहे, असे म्हणता येईल. पण दर्जा दिल्लीत मिळतो. भाषा स्वयंपाकघरात आणि ओट्यावर टिकते. म्हणून माधवरावांकडून काय घ्यावे आणि काय ठेवून द्यावे, हे आपण विवेकाने ठरविले पाहिजे. 'विवेक' हा शब्द त्यांनीच आपल्या ग्रंथाच्या नावात घातला आहे.

त्यांचा बहिष्कार मी ठेवून देतो. त्यांची शिस्त घेतो. शब्द वापरण्यापूर्वी तो तोलावा, आपल्याजवळ जिवंत शब्द असताना आळसाने परका उचलू नये, नवी वस्तू आली तर तिला नाव देण्याची हिंमत करावी, ही ती शिस्त. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दुसरी भाषा इतकी चांगली शिकावी की तिच्यातून आपली भाषा अधिक स्पष्ट दिसेल. फार्सी शिकल्यामुळेच माधवरावांना मराठीची चाल ऐकू आली. आपल्या मुलांना गुजराती येते, हिंदी येते, इंग्रजी येते. हे मराठीवरचे संकट न मानता भांडवल मानता येईल. अट एवढीच की घरी मराठी बोलली गेली पाहिजे, 'बारी'सकट.

सर आज असते तर ही वही मी पुन्हा त्यांच्यापुढे ठेवली असती. पत्ता मी आजही तसाच लिहितो : कारेलीबाग, बडोदे. पहिल्या शब्दात फार्सी बाग आहे, दुसरा शब्द लगागा आहे, आणि दोन्ही मराठीत नांदत आहेत. त्या रेघेखाली त्यांनी काय शेरा दिला असता, हे मला ठाऊक नाही. परंतु यावेळी उत्तर देताना मी घाईने 'उद्यान' म्हटले नसते, एवढे खरे.